पेडवीचो वाटो

गेल्या मंगळवारी दुपारी, मिठबावच्या माझ्या घराच्या पडवीत, एका मांजरीने माझ्या पांडित्याची परीक्षा घेतली... आणि मी अनुत्तीर्ण झाले.

मांजर माझी नव्हे. शेजारचे जयवंतकाका, जन्मभर किनाऱ्यावर रापणीचे मोठे जाळे ओढलेले गृहस्थ, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर लेकीकडे कुडाळला गेले आणि पेडवीला माझ्या स्वाधीन करून गेले. पेडवे म्हणजे चांदीसारखी चकाकणारी छोटी मासळी. या मांजरीचा रंग पाहिला की नावाचे कारण विचारावे लागत नाही.

जाताना काकांनी जामसंड्याच्या दुकानातल्या स्वस्त खाद्याची, तोंडाला सुतळी बांधलेली पिशवी माझ्या हाती दिली. आणि एक सूचना... "बाईनू, तिका तिचो वाटो लागता हां. तेवढो इसरू नकात."

तीस वर्षे मी पुण्यात संस्कृत व्याकरण शिकवले आहे. मालवणीत पुल्लिंगी शब्द ओकारान्त होतात हे मला कोणी सांगायला नको; तेव्हा वाटीचे थोरले रूप ते 'वाटो', असा निर्णय मी फाटकापाशीच देऊन टाकला. त्याच दिवशी बाजारातून चिनी मातीचा एक देखणा, पांढराशुभ्र वाडगा आणला.

मग ती पिशवी वाचली. पहिला घटक मका, मासे पाचव्या क्रमांकावर, आणि 'सर्वोत्कृष्ट' या एका शब्दात दोन चुका... ज्यांना आपल्या मालाचे विशेषण धड लिहिता येत नाही, त्यांचे अन्न माझ्या घरात कोणी खाणार नाही, असे ठरवून ती फळीवर टाकली. गाडी काढून कुडाळहून प्रीमियम खाद्य आणले: धान्यविरहित, साल्मन माशाचे, पाकिटावर एकही मुद्रणदोष नसलेले.

पेडवीने वाडगा हुंगला आणि पडवीत जाऊन ती समुद्राकडे तोंड करून बसली.

तीन दिवस ती तशीच बसली. दुपारी भरतीचा आवाज माडांतून सावकाश आत यायचा, पडवीच्या लाद्यांवर उन्हाची जाळी हलायची, आणि त्या हलत्या उजेडाच्या मधोमध ती डोळे अर्धे मिटून... जणू आतल्या आत कुठल्याशा होडीची वाट पाहत. तिच्याकडे पाहता पाहता मलाही घड्याळाचे भान राहत नसे. पण हात फिरवला की बरगड्या लागू लागल्या होत्या.

मंगळवारी पशुवैद्यांना फोन केला. मांजराला उपास मानवत नाही, यकृत बिघडते. संध्याकाळपर्यंत खाल्ले नाही तर घेऊन या, नळीने भरवावे लागेल, असे ते म्हणाले. स्वस्त की महाग, हा माझा प्रश्न त्यांनी एका वाक्यात निकालात काढला... दोन्ही पूर्ण आहार आहेत, तिने खाल्ले तर.

कुणीतरी विश्वासाने सोपवलेला जीव माझ्या हातात वाळत होता. चूक कबूल करण्याची मला सवय नाही; तरीही काकांना फोन लावला.

"तिका खाणा खंय देतास?" त्यांनी विचारले.

स्वयंपाकघरात, तिच्या 'वाटो'मध्येच, मी म्हणाले. चांगला मोठा घेतला आहे, चिनी मातीचा.

पलीकडून असे हसू आले, की मागून लेक ओरडली, "ओ बाबा, हळू! टाके सुटतले!"

"अहो बाईनू, वाटो म्हंजे वाटी न्हय!" काकांना दम लागला होता. "माझ्या ताटातलो तिचो वाटो! रापणीच्या दोरयेक हात लायल्यान त्येका वाटो गावता मा? तसो. मी जेवतंय, ती बाजूक बसता. एकटी ती शीत सुदीक खावची नाय."

रापण ओढणाऱ्या प्रत्येकाचा मासळीतला हिस्सा, तो वाटा. किनाऱ्यावर फिरायला जाताना वाळूत मांडलेले ते मासळीचे ढीग मी कितीदा ओलांडले होते... आणि शब्द मात्र व्याकरणात शोधत बसले होते.

उष्ट्या-खरकट्याचे नियम मी फार कडक पाळते. माझ्या घरी ताटही एकच मांडले जाते, त्यामुळे ते नियम पाळणे कठीण कधी गेले नाही. त्या दुपारी टेबल सोडून पडवीत जमिनीवर बसले, वरणभात वाढून घेतला, आणि ताटाच्या कडेला दोन लहान ढीग घातले: एक साल्मनचा, एक सुतळीच्या पिशवीतला.

पेडवी उठली नाही. मी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला... मग मांडीला काहीतरी ऊबदार टेकले.

बोटाने जो ढीग पुढे सरकवला तो तिने खाल्ला. तो स्वस्तातला होता. दुसरा सरकवला, तोही खाल्ला. मध्ये एकदा मान वर करून मी जेवते आहे ना, याची तिने खात्री करून घेतली. माडांच्या सावल्या ताटावरून हळूहळू सरकत गेल्या... आम्हा दोघींनाही कुठे जायचे नव्हते.

आता ती काकांच्या पिशवीतलेच खाते. ते परतल्यावर त्यांच्या ताटाशेजारी जे असणार, त्याचीच सवय तिला राहावी. पिशवीवरचे 'सर्वोत्कृष्ट' मी पेन्सिलीने दुरुस्त केले आहे, आणि चिनी मातीच्या वाडग्यात अंगणातल्या पाखरांसाठी पाणी ठेवते.

त्या मंगळवारी संध्याकाळीच काकांना कळवले, की पेडवी जेवली. ते म्हणाले, "मी परत इलंय काय तुमी पण जेवक येवा, बाईनू. तुमचो पण वाटो आसा."

या खेपेस मी व्युत्पत्ती शोधली नाही.