ऑसगार्थचा सेथ

सेथ ऑसगार्थने ब्रेकलीच्या कापडगिरणीत चव्वेचाळीस वर्षं माग दुरुस्त केले. डाव्या हाताची दोन बोटं मागानेच नेली. कानही जवळजवळ गेले होते, त्यामुळे तो सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा. लग्न केलं नव्हतं. कापसाच्या धुळीने छाती भरली आहे, आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याच्या मनाने एकच घेतलं: आपण ऑसगार्थचे, तेव्हा मातीही ऑसगार्थलाच मिळाली पाहिजे.

आमचं ऑसगार्थ ब्रेकलीहून चौदा मैलांवर, डोंगराच्या अलीकडे. चर्चच्या आवारात चार-पाच कबरींपुरती जागा उरली होती, तीही गावकऱ्यांसाठी राखलेली.

सेथ दर रविवारी बसने यायचा. प्रार्थना झाली की पबमध्ये जायचा. तिथे लोक उठून उभे राहत आणि म्हणत, "या सरकार, गाव तुमच्या नावाचं, सगळं खोरं तुमचंच आहे, बियरचे पैसे तेवढे आम्हाला देऊ द्या." सेथ त्यांच्याबरोबर हसायचा, पण ते खोटं आहे असं त्याला वाटत नसे. गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावाने ओळखत नाही, ते आडनाव बाहेर गेलेल्याला चिकटतं, हे मी त्याला एकदा सांगितलं होतं. ते त्याला ऐकू आलं नाही, किंवा त्याने तसं दाखवलं.

पाद्री पिम भला माणूस. चर्चच्या जुन्या नोंदवहीत एक पूर्वज दाखवा, मी चर्चच्या समितीपुढे शब्द टाकतो, असं तो म्हणाला. मी गावच्या शाळेत शिकवलेलं, जुनं अक्षर मला लागतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तीन शनिवार मी चर्चच्या गारठलेल्या खोलीत बसले.

सतराशे एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात नोंद सापडली. चर्चच्या दारात सोडलेलं, दोन दिवसांचं मूल. अशा पोरांना तेव्हा गावाचंच आडनाव देत. याचं नाव ठेवलं जॉब ऑसगार्थ. गावाच्या खर्चाने वाढणाऱ्या पोरांची वही वेगळी होती, तिच्यात सात वर्षांनंतरची ओळ होती: जॉब ऑसगार्थ, वय सात, ब्रेकलीच्या गिरणीमालकाच्या हवाली, एकविसावं वर्ष पुरं होईपर्यंत. त्याच गाडीत आणखी सहा मुलं होती. खाली गावच्या पाच कारभाऱ्यांच्या सह्या. त्या पाचही घरांतली मुलं माझ्या वर्गात बसून गेली आहेत.

पहिलंच पान दाखवलं असतं तर भागलं असतं. मी दोन्ही वाचली, सेथच्या कानाशी, दोनदा.

सेथने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सात वर्षांचं पोर केवढं असतं हो, बाई? तुम्ही शिकवलंय."

मी टेबलाच्या कडेला हात लावून दाखवला.

पिमला आनंद झाला होता. "म्हणजे जॉब इथलाच, मिस्टर ऑसगार्थ. समिती आता नाही म्हणूच शकत नाही."

"एकदा पाठवलंत ना," सेथ म्हणाला. त्याला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आता बोलावू नका."

त्याने टोपी घातली आणि बस गाठायला निघून गेला.

समितीने जागा मंजूर केली. तसं पत्रही गेलं. फेब्रुवारीत सेथ वारला, तेव्हा ते त्याच्या खोलीत न फोडलेलं सापडलं. ब्रेकलीच्या गिरणीमागच्या दफनभूमीत त्याला पुरलं. आमच्या गावातून पिम आणि मी, दोघंच गेलो होतो.

इथली जागा मार्चमध्ये खाटकाच्या सासूला दिली.