सलाईन लावली का?

आमच्याकडं कुणी आजारी पडलं की भेटायला येणारा पहिला प्रश्न विचारायचा, "सलाईन लावली का?" लावली असेल तर दुखणं खरं आणि घरचेही चांगले. नुसत्या गोळ्या म्हणजे म्हातारीला वाऱ्यावर सोडलं. हा निव्वळ अडाणीपणा आहे, असं मी, शाळेतली बाई, मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. म्हणायचे, तेवढंच.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चार दिवस तापानं नुसतं भाजून काढलं होतं. नवरा बारामती एमआयडीसीत कामाला, म्हणून मीच त्यांना गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण अगदी पोरसवदा. पण तिनं लुगडं सैल करायला लावून आत्याबाईंच्या कमरेवरची काळी खपली शोधून काढली.

"आजी, जनावरांच्या गोचिड्या काढता का?"

"व्हय, हातानंच काढती की."

गोचीड चावून आलेला ताप आहे, म्हणाली, आणि तसं चिठ्ठीवर लिहून सात दिवसांच्या कॅप्सूल दिल्या.

"आणि सलाईन?" मी विचारलं.

"जेवण जातंय, उलटी नाही, गोळी पोटात राहतीय. मग शिरेत कशाला? ग्लानी आली, गिळता येईना, तर मात्र लगेच आणा. तेव्हा शिरेवाटे द्यायचं बघू."

इतकं सरळ. मला पटलंही होतं.

घरी पोचले तर चुलत सासूबाई ओट्यावर बसलेल्या. "एवढा पगार घेतीस आन् म्हातारीला सरकारी गोळ्या व्हय गं? आमी असतो तर बारामतीला नेलं असतं." चार बायकांसमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी जीप करून आत्याबाईंना बारामतीच्या एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं.

"आधी कुणाला दाखवलंय?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

कॅप्सूल आणि चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हणाले, "नाही. तुम्ही सलाईन लावा." सरकारी दवाखान्याचं नाव घ्यायची लाज वाटली मला. लाज वाटायची जागा तरी बघा!

बाटली टांगली. शिरेतून भारी औषधं सुरू झाली, पण ती ह्या तापाची नव्हती. डॉक्टरांना बिचाऱ्यांना काय स्वप्न पडणार होतं? पाहुणे शहाळी घेऊन यायचे, बाटलीकडं बघून माना डोलवायचे. चुलत सासूबाई म्हणाल्या, "सून असावी तर अशी!" आणि मी मेली खूश झाले. ताप होता तसाच. दुसऱ्या दिवशी दोनदा पर्स उघडली, दोनदा बंद केली. आता सांगावं तर खोटं बोलले हे कळणार.

चौथ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी मला ओळखलंच नाही. तेव्हा कुठं मी चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली आणि माझ्याकडं बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. आता गिळता येत नव्हतं आणि ते औषध शिरेतून द्यायचं बारामतीत मिळेना, म्हणून नाकातून नळी घालून त्याच कॅप्सूलमधली पूड पाण्यात कालवून दिली. दोन दिवसांत ताप उतरला.

जीव वाचला, कान गेले. दोन्ही. अशा तापात जातात कधीकधी, डॉक्टर म्हणाले. औषध आधी मिळालं असतं तर, एवढं बोलून ते थांबले.

आत्याबाई मात्र येईल त्याला सांगायच्या, "माझ्या सुनंनं बारामतीला नेऊन सलाईन लावली, म्हणून मी हाय." मी चहा टाकायच्या निमित्तानं आत पळायचे. नवऱ्यालाही कधी खरं सांगितलं नाही.

बोलले ते एकदाच. आत्याबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या पाठीमागं उभी राहून मी सगळं सांगितलं, खोटं बोलले तेसुद्धा. मोठ्यानं, रडत रडत सांगितलं. पाठीमागं उभी राहिले ती मुद्दाम. समोरून माझे ओठ त्यांना वाचता यायचे.