पाट्यावरचं पेन

माझी मुलगी इस्पितळात असते, असं आई शेजारणींना सांगायची, आणि शेजारणी हळहळत विचारायच्या, काय होतंय तिला? नर्स आहे हे सांगणं आईला आजारी आहे म्हणण्यापेक्षा जड जात होतं. आमच्या घरात सगळे कचेरीत जाणारे. पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं, तरी चांगल्या घरच्या मुलीने लोकांची अंगं पुसायला जावं हे अंधेरीत कुणाच्या पचनी पडत नव्हतं. मी मात्र कुणाला जुमानणारी नव्हते. बोरिवलीच्या एका छोट्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डाची मला सिस्टर इन्चार्ज केलं, तेव्हा तर मी हवेतच होते. कमरेला पट्टा, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा. तो वाजला की झाडलोट करणाऱ्या आया उठून उभ्या राहत. मला वाटे, झालं, वॉर्ड माझा झाला.

वॉर्ड माझा नव्हता हे पहिल्या महिन्यातच कळलं. डॉक्टर प्रत्येक बाळंतिणीला दहा दिवस राहायला सांगत आणि त्या चौथ्या दिवशी निघून जात. तीच गत खाडीकाठच्या कोळणींची आणि तीच आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतल्या बायकांची. कारण एकच. पाचव्या दिवशी पाचवी. त्या दिवशी सटवाई येऊन पोराच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, आणि ती यायची तर घरी येणार, इस्पितळात कशाला येईल? मी ओरडायचे, डॉक्टरांचं नाव सांगायचे, किल्ल्या वाजवायचे. बाया ऐकून घ्यायच्या आणि गाठोडं बांधायच्या. मॅट्रनबाई राउंडला आल्या की रिकाम्या खाटांकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या न बोलण्याचा मला फार राग यायचा.

मॅट्रनबाई वसईकडच्या ख्रिश्चन. उंच, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा झगा, आणि खिशाला एक जाड काळं पेन. त्या पेनाला आम्ही सगळ्याजणी टरकून असायचो. कुणाची बदली, कुणाची रजा, कुणाबद्दलचा शेरा, सगळं त्याच पेनाने व्हायचं. त्या आवाज कधी चढवत नसत. राउंडला खाटांची चाकं एका रेषेत नसली तर नुसत्या थांबायच्या आणि आम्ही धावायचो. मलाही तसं थांबता यावं असं फार वाटे. मी थांबले की लोकांना वाटायचं, हिला काहीतरी विसरल्यासारखं झालंय.

अशात गोराईच्या बाजूची एक कोळीण होडीतून आली. वयाने लहान, अंगात रक्त नाही. तिची आधीची दोन्ही पोरं घरीच झाली होती आणि दोन्ही गेली होती. ही मुलगी दिवस भरायच्या आधी झाली, इतकीशी, ओंजळीत मावेल एवढी. आईला ताप चढला. पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू झाली. बाळाला ओढायची ताकद नव्हती, म्हणून आम्ही आईचं दूध काढून थेंबाथेंबाने पाजत होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की या अवस्थेत दोघींना होडीच्या वाऱ्यात नेलं तर मुलगी तर जाईलच, आईचीही खात्री नाही. दहा दिवस ठेवा, कसंही करून.

तिची सासू बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायची. पोटऱ्यांपर्यंत लुगडं, नाकात नथ, आणि आवाज असा की फाटकावर बोलली तरी शेवटच्या खाटेपर्यंत पोचायचा. वॉर्डातल्या बाकीच्या कोळणी तिच्या ओळखीच्या. ती बस म्हणाली की बसत, ऊठ म्हणाली की उठत. तिच्या कमरेला कसलाही जुडगा नव्हता हे बघून मी चरफडायचे. चौथ्या दिवशी सकाळी ती घोंगडी आणि दोन बायका घेऊन हजर झाली. सुनेला न्यायला.

मी दारात आडवी उभी राहिले. ताप, वारा, दूध, सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं. तिला सून प्यारी होती, नात प्यारी होती, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. त्याच मायेपोटी ती त्यांना घेऊन चालली होती.

"बाय, उद्या पाचवी," ती म्हणाली. "सटवाय येल ती घरा. पोर घरा नसंल त लिवल कुनाचे कपाली? दोगांचा काय लिवला ता मी बगलाय. हिचा तरी बरा लिवू दे."

खाटेवरची सून आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला जायचं होतं की राहायचं होतं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. मग मी, का कोण जाणे, विचारलं, सटवाईला इथे बोलावलं तर ती येईल का?

सासू विचारात पडली. मला हसेल असं वाटलं होतं, पण नाही. बराच वेळ वॉर्ड न्याहाळून तिने विचारलं, "मोठी बाय येव देल?"

म्हणजे सटवाईच्या येण्याला तिची हरकत नव्हती. प्रश्न मॅट्रनबाईंचा होता. घोंगडी घेऊन ती व्हरांड्यात बसली आणि मी ऑफिसात गेले.

वॉर्डात दिवा लावायचा नाही, पाचनंतर नातेवाईक थांबायचे नाहीत, हे नियम मॅट्रनबाईंचेच. त्यातून देव आमचा, त्यांचा नव्हे. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि परवानगी मागितली. त्यांनी मान वर केली.

"किल्ल्या कुणाकडे आहेत?"

"माझ्याकडे."

"मग मला का विचारतेस?"

आणि पुन्हा लिहू लागल्या. मी बाहेर आले ती चिडूनच. हो म्हणाल्या असत्या तर काही बिघडलं तर त्यांच्यावर गेलं असतं, नाही म्हणाल्या असत्या तर सासूला त्यांचं नाव सांगून मी मोकळी. दोन्ही वाटा बंद करून त्यांनी मला माझ्याच वॉर्डात परत पाठवलं होतं. जुडगा त्या दिवशी पहिल्यांदा जड लागला.

मी सासूशी घासाघीस केली. बाजारात ती करते तशीच. दिवा स्पिरिटच्या कपाटापासून लांब, कोपऱ्यात, वाळूच्या ताटात. धुरी नाही. तिने एकटीने थांबायचं, बाकीच्यांना फाटकापलीकडे तिनेच थोपवायचं. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. धुरीवर ती अडली, पण बाळाच्या छातीचा भाता किती हलका चालतोय हे जवळ नेऊन दाखवल्यावर तिने मान हलवली. मग सुनेला विचारलं. ती म्हणाली, राहीन. फार हळू म्हणाली, पण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला स्वयंपाकघरातला पाटा धुऊन आणला. सासूने त्यावर हळदकुंकू वाहिलं, वरवंटा ठेवला, दिवा लावला. नातेवाइकांना तिने असं पळवून लावलं होतं की तसं मला जन्मात जमलं नसतं. सटवाईला लिहायला कोरा कागद हवा होता, तो मी दिला. लेखणी हवी होती, म्हणून खिशातली पेन्सिल काढली. सासूने ती परत माझ्या हातात दिली. पेन्सिलीचं पुसून जातं, म्हणाली.

तेवढ्यात आया उठून उभ्या राहिल्या. संध्याकाळचा राउंड. मॅट्रनबाई दारात थांबल्या, नेहमीसारख्याच. चाकं रेषेत नव्हती, पाटा जमिनीवर, दिवा जळतोय. तरी मी पुढे झाले आणि म्हटलं, की हे माझ्या परवानगीने चाललं आहे, आणि एक लेखणी कमी पडते आहे.

त्यांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडून पाट्याजवळ वाकल्या आणि सासूला विचारलं, निब कोणीकडे करायची? सासूने दाखवलं तसं कागदावर ठेवलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. ते पेन रात्रभर तिथेच राहिलं. आम्हा सगळ्यांची नशिबं लिहिणारं पेन उघडं पडलं होतं आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. सकाळी ऑफिसात गेले तेव्हा मॅट्रनबाई ड्यूटीचा तक्ता पेन्सिलीने लिहीत होत्या. मी पेन पुढे केलं. त्यांनी आधी ताप विचारला, मग बाळाचं दूध, आणि मग पेन घेतलं.

ताप उतरत गेला. सातव्या-आठव्या दिवशी मुलगी स्वतः ओढायला लागली तेव्हा मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात वॉर्डातून एकही कोळीण चौथ्या दिवशी गेली नाही. सासू व्हरांड्यात बसून एकेकीला दम देत होती.

दहाव्या दिवशी घरी जाण्याच्या कार्डावर सही घ्यायला आम्ही ऑफिसात गेलो. सासूच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली नात. मॅट्रनबाईंनी पेन उघडलं, कार्ड वाचायला लागल्या. आई ठीक, मूल ठीक, पुढे काय लिहावं म्हणून थांबल्या असाव्यात. सासूला ते थांबणं पसंत पडलं नाही.

"सटवायनी लिवलाय सगला," ती म्हणाली. "तुमी निस्ती खाली सही करा."

बरं, मॅट्रनबाई म्हणाल्या, आणि कार्डाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात सही केली.