पडवी सजवली त्या दिवशी

आमच्या नवीन पनवेलच्या रो-हाऊसपुढं पत्रा टाकलेली एक जागा होती. नवरा तिला पार्किंग म्हणायचा, मी पोर्च म्हणायचे आणि सासरे पडवी म्हणायचे. खरं तर ते अडगळीचं कोठार होतं. बंद पडलेला कूलर, रंगाचे अर्धे डबे, चाक नसलेली सायकल आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं सगळं तिथं नांदत होतं. इतक्या वर्षांत त्यातलं काहीएक लागलं नाही, पण फेकायचं नाव काढलं की नवऱ्याचा चेहरा असा व्हायचा, की मीच गप्प बसायचे.

सासरे तिकडे नेऱ्याच्या बाजूला, गावात एकटे राहायचे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या थंडीत वालाच्या शेतात बांधावरून त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसवली आणि आम्ही त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, हाड झकास जुळलंय, आता चालवा. आम्हाला बाजूला घेऊन मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आत्ता उठले तर उठले. आणखी महिनाभर असेच पडून राहिले तर मग कधीच उठणार नाहीत.

बाबा काही उठेनात. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. वॉकर पलंगाशी नुसता उभा. शेवटी मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले. “बाबा, दारापर्यंत तरी चला,” म्हटलं की एकच उत्तर. “माजा काय काम हाय भायेर?” मी तापट बाई. आधी गोड बोलले, मग ओरडले, मग दोन दिवस अबोला धरला. त्यांना काही फरक पडला नाही, माझंच डोकं दुखलं. आणि मनातून मी घाबरले होते, अगदी खरं सांगते. धडधाकट माणूस डोळ्यांदेखत अंथरुणाला खिळत चाललेला बघवत नव्हता.

एक दिवस जेवणाचं ताट उचलताना त्यांनी आपणहून विचारलं, “पडवीत ऊन कवा येता?” तीन महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी ताट तिथंच ठेवलं आणि ठरवलं, ही पडवी अशी करायची की माणसाला बसावंसं वाटलंच पाहिजे.

भंगारवाल्याला बोलावलं, तेही नवरा कामावर गेल्यावर. संध्याकाळी त्यानं रिकामी जागा बघितली आणि “माझी सायकल!” म्हणून जे काय सुरू झाला! तोवर मी भिंतीला फिका हिरवा रंग देऊन मोकळी झाले होते. मग कौतुकाची कामं काढली. समोरून वेल चढवायला बुरुडाकडून हिरवे बांबू आणले. प्लॅस्टिकच्या कुंड्या मला बघवत नाहीत, म्हणून अबोली आणि मोगरा लावायला कुंभाराकडून चार मडकी आणली. एका कोपऱ्यात सतरंजी, तक्के आणि बाबांचा पानाचा डबा ठेवायला छोटं स्टूल. बसून पाहिलं. मन कसं निवांत झालं! फक्त चैत्राचं ऊन लागलं होतं आणि वरचा पत्रा तव्यासारखा तापायचा.

त्याला नवऱ्यानं उपाय काढला. त्याचा एक मित्र मंडप-डेकोरेशनचा धंदा करायचा. तो म्हणाला, वहिनी, पत्र्याखाली पांढऱ्या कापडाचं छत ताणून देतो, बघा कसं गार वाटतं. मी म्हटलं, बरं, आणि सोबत दोन-तीन उंच बसणीच्या खुर्च्या पाठव, बाबांना कुठली सोयीची होते ते बघू. बस्स, एवढंच बोलणं झालं.

रविवारी सकाळी त्याची माणसं आली. मी आत स्वयंपाकात. त्यांनी कापड झकास ताणलं आणि सवयीप्रमाणे टेम्पोतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या खुर्च्या उतरवून समोरासमोर दोन रांगांत लावून टाकल्या. मांडव म्हटलं की त्यांचे हात दुसरं काही जाणतच नाहीत. नवरा गेटपाशी बसला होता. उकाडा म्हणून उघडाबंब, कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल. शेजारी हिरवे बांबू आणि पुढ्यात मडकं. पाणी निथळून जायला हवं म्हणून मडक्याच्या बुडाला भोक पाडायचं काम मीच त्याला दिलं होतं.

आता कुणीही मराठी माणसानं हे चित्र डोळ्यांपुढं आणावं आणि मला सांगावं, की काय वाटेल!

पहिल्यांदा आल्या समोरच्या भाभी. त्यांचे मिस्टर कुवेतला असायचे आणि आमचं येणंजाणं घरच्यासारखं. डोक्यावर ओढणी, डोळे ओले, हातात खिचडीचं मोठं पातेलं. पातेलं ओट्यावर ठेवून त्यांनी मला घट्ट मिठी मारली. “सबर करा, भाभी. अल्लाची मर्जी.” नुकतीच लाइट गेली होती, मला वाटलं त्याचंच बोलतायत. मी म्हटलं, “हो ना, आता रोजचंच झालंय. सवय झाली बघा.” भाभींनी माझ्याकडं असं काही पाहिलं, की जणू बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण मेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी जेवण देतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, मी पडवीच्या कामात अडकले म्हणून पाठवली असेल बिचारीनं खिचडी.

आमच्या गावचा एक माणूस रविवारी पनवेलला भाजी विकायला यायचा. त्यानं रस्त्यावरून बघितलं. अशा दारात उभं राहून ‘कोण गेलं’ असं आपल्याकडं कोणी विचारत नाही. विचारायची गरजही नव्हती, आजारी माणूस घरात एकच होता. त्यानं वळणावर जाऊन गावात फोन लावला.

तासाभरानं बाहेर चाहूल लागली म्हणून खिडकीतून पाहिलं, तर दोन्ही रांगा भरल्या होत्या. टोप्या घातलेली म्हातारी माणसं, शेजारपाजारचे लोक, सगळे खाली मान घालून चिडीचूप. वाटलं, नवऱ्यानं पडवी बघायला कुणाकुणाला आमंत्रण दिलंय की काय, आणि मला सांगायला नको? (तो मडक्यात डोकं घालून बसलेला, त्याला वाटत होतं मीच बोलावलंय.) हात पुसून तरातरा बाहेर निघाले, तोच गेटाशी टेम्पो थांबला. त्यातून बाबांची धाकटी बहीण उतरली आणि तिनं बांबू बघून, मडकं बघून असा काही हंबरडा फोडला, की माझ्या हातातला टॉवेल खाली पडला.

“माज्या दादा रं! मना न भेटता गेलास रं! माज्या लग्नात तुजे पायात चप्पल नवती रं, मना जोडवी केलीस!”

नवरा मडकं हातात धरून उठला. “आत्या, अगं काय...” आत्या त्याच्या गळ्यात पडली. मागच्या बायांनी सूर धरला. मी “अहो, थांबा, ऐका” म्हणत होते, पण त्या गलक्यात माझं कोण ऐकतंय!

आणि मग मागून आवाज आला. खट्. खट्. खट्.

वॉकर. माझे दोन टॉवेल अजून त्याच्यावर लोंबत होते. बाबा दारात उभे होते, बनियनवर, घामानं निथळत. आतल्या खोलीतून तिथपर्यंत ते एकटे चालत आले होते. कोणाचा हात नाही, कोणाचा आधार नाही. त्यांनी पांढरं छत पाहिलं, दोन रांगा पाहिल्या, बहिणीकडं पाहिलं आणि चढ्या आवाजात विचारलं, “कोन मेला?”

एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, बघितली आणि परत घातली. आत्याचं तोंड उघडंच राहिलं.

“मी इचारताय, कोन मेला?”

“तू,” आत्या म्हणाली.

मग जे हसू फुटलं! आधी भाभी तोंडावर ओढणी धरून, मग नवरा, मग सगळी पडवी. आत्या रडत होती, हसत होती आणि भावाच्या पाठीत धपाधप गुद्दे मारत होती. मी पळत स्वयंपाकघरात गेले, सर्वांत मोठं भगोणं चहाला चढवलं आणि ओट्याला टेकून ओक्साबोक्शी रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

भाभींची खिचडी सगळ्यांना पुरली. बाबा उंच बसणीच्या खुर्चीत मधोमध बसले आणि एकेकाची झाडाझडती घेऊ लागले. वाल किती झाला, विहिरीला पाणी किती, अमक्याची म्हैस व्याली का. अबोलीची रोपं मडक्यांत लावायची राहिली होती, ती आत्यानं लावून दिली, नाक ओढत. ऊन उतरल्यावर टेम्पो परत गेला. जाताना आत्या खाली मान घालून म्हणाली, “दादा, तुला पडलेला बगाया माजा जीव नवता होत, म्हनून नाय आले.” बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सांज झाली. मंडपवाल्याची माणसं येऊन खुर्च्या घेऊन गेली. रस्त्यानं माणसं घरी चालली होती, येताजाता आत डोकावत होती. मी म्हटलं, “बाबा, दमलात आज. चला, आत आडवे व्हा.” त्यांनी माझा हात बाजूला केला.

“बस तू पन हितं,” म्हणाले. “मेलो आयकून येवडी मानसं आली. आता जिता हाय आयकून किती येतान, ते मना बगाचा हाय.”