आत उघडणारं दार: डबा घेऊन असोद्याहून सोनगीरला

हल्ली आमची भाचेमंडळी मोबाईलवर कॅम्पर व्हॅनचे व्हिडिओ बघून उसासे टाकतात. "मामी, घर गाडीला जोडायचं आणि सुटायचं, काय मजा ना!" मला त्याची हौस उरलेली नाही. कारण हे आम्ही नव्वदीच्या सुरुवातीलाच केलंय, तेही खानदेशातल्या ऐन उन्हाळ्यात, आणि तेव्हापासून मी कुठल्याही नव्या जागी गेले की आधी दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघते. तुम्हीही असं काही ठरवत असाल तर आधी आमची फजिती वाचा.

माझा नवरा दिलीप याला जुन्या गाड्यांचं वेड. इंदूरकडे एका भंगारवाल्याकडे त्याला एक अमेरिकन ट्रेलर दिसला. कधीकाळी कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी इंजिनिअरांचा. ॲल्युमिनियमचं गोलसर कवच, आत दोन बाकडी, एक ओटा, पट्टीपट्टीच्या काचांच्या खिडक्या. जीपला जोडून त्याने तो असोद्याला आणला तेव्हा अर्धं गाव बघायला आलं आणि कुणीतरी त्याला 'डबा' म्हटलं. तेच नाव राहिलं. मला पहिल्या दिवसापासून तो डबा आवडला नव्हता. चाकांवरच्या घराचा भरवसा काय?

पण त्या वर्षी डब्याची गरज पडली ती आबांमुळे. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, डावं अंग लुळं पडलेलं. धरून उभं केलं तर चार पावलं टाकायचे, बसून प्रवास मात्र जमत नव्हता. आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी यायचं आणि तिला आणायला माहेरचा मुराळी जायचा, ही आमच्याकडची रीत. आबांची थोरली बहीण, आमची अक्का, सोनगीरला दिलेली. तिला नातवंडं झाली तरी आबा दर आखाजीला स्वतः मुराळी म्हणून जात. आदल्या वर्षी त्यांच्याऐवजी दिलीप गेला, तर अक्काने त्याला आमरस खाऊ घातला, पोटभर माया केली आणि एकट्यालाच परत पाठवलं. "मना मुराळी मना भाऊ शे. तू पोरगा शेस."

आबा ते ऐकून दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. यंदा म्हणाले, "मीच जाईन. आडवा नेता येत असेल तर आडवा न्या मले."

डॉक्टर म्हणाले, झोपवून न्या, फार हलवू नका. दिलीपचे डोळे चमकले. तो तडक डबा धुवायला निघाला.

आखाजीच्या काही दिवस आधी भल्या सकाळी निघालो. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळे, म्हणजे सुरतेकडे जाणारा हमरस्ता. आता तो रुंद झालाय, तेव्हा येणारा ट्रक आणि जाणारा ट्रक एकमेकांना अंग चोरून वाट देत. मी आबांबरोबर डब्यात. (ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये माणसं बसवू नयेत, हे आता मी छातीठोकपणे सांगते. तेव्हा आम्हाला कोण सांगणार?) एका हाताने आबांचं बाकडं धरलेलं, दुसऱ्या हाताने पाण्याचा माठ. एरंडोलला आबांनी पद्मालयाच्या दिशेला झोपूनच हात जोडले. जोडले म्हणजे उजवा हात उचलून डाव्यावर ठेवला. मीही गणपतीला म्हटलं, बाबा रे, एवढं सुखरूप पोचव.

पारोळ्याच्या पुढे एका निंबाखाली चहाला थांबलो. आबांना उतरायचं होतं. आणि तिथे आमच्या शहाणपणाचं पितळ उघडं पडलं. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे डब्याचं दार उजवीकडे. आपण चालवतो डावीकडून. म्हणजे दार उघडलं की थेट रहदारीत! घरासमोरच्या मोकळ्या जागेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी खाली उभी राहून आबांना धरलं होतं, त्यांचा एक पाय पायरीवर, एक हवेत, आणि कापसाच्या गठाणींनी भरलेला ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने आबांची टोपी उडून जीपखाली गेली. मी त्यांना मिठी मारून डब्याला चिकटले.

"जराशानं वाचलो," आबा म्हणाले, आणि मला वाटतं ते पहिल्यांदाच घाबरलेले मला दिसले.

मी दिलीपला बजावलं, या दारानिशी आग्रा रोडला लागायचं नाही. धुळ्याच्या पुढे सोनगीरपर्यंत मुंबई-आग्रा महामार्ग, तिथले ट्रक तर कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हेत. तोही मुकाट्याने हो म्हणाला, यावरून त्याचीही काय गत झाली होती ते समजा.

धुळ्यात ट्रकच्या बॉड्या बांधणारे पुष्कळ. चौकशी करत शांताराम मिस्तरींच्या वाड्यावर पोचलो. ठोकाठोक, रंगाचा वास, पत्र्यांचा ढीग. मिस्तरींनी डब्याभोवती फेरी मारली, टिचकी मारून कवच वाजवलं आणि हसले. "आजवर ट्रक बांधले, बस बांधल्या. घर पहिल्यांदाच आलं वाड्यावर."

बेत सोपा होता. डावीकडे कवच कापायचं, आतून लोखंडी चौकट बसवायची, नवं दार करायचं. डावीकडून निघालेला पत्रा उजवीकडच्या जुन्या दाराच्या भोकावर ठोकून रिव्हेट मारायचे. गोलाई तीच, त्यामुळे पत्रा बसेल. आम्ही जवळच्या लॉजवर खोली घेतली, पण आबा वाड्यातच निंबाखाली खाटेवर पडून देखरेख करत राहिले. जेवायला कोपऱ्यावरची शेवभाजी आणली होती. तिखट अशी की माझ्या काळजीचाही काही वेळ विसर पडला. धुळ्याला गेलात तर खा, पण सोबत मठ्ठा घ्या.

संध्याकाळी मिस्तरींनी चौकट उभी केली आणि सवयीने बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला लावायला घेतल्या. तेव्हा आबा खाटेवरून बोलले.

"दार आत उघडू द्या."

"आबा, गाडीचं दार बाहेर उघडतं."

"हे गाडी नही, घर आहे. बाहेर उघडते ते दार पाहुण्याले मागे लोटते. आत उघडते ते त्याले आत घेते. मी अक्काले घ्याले चाललो, अन् तिले दारानं धक्का देऊ?"

मिस्तरींनी दिलीपकडे बघितलं, दिलीपने माझ्याकडे. खरं सांगते, मला ते बोलणं इतकं पटलं की डोळे भरून आले. आमच्या असोद्याच्या घराचं दार आत उघडतं, माझ्या माहेरचंही. कुणाचं नाही उघडत? मिस्तरींनी तर हौसेने खाली दोन बोटं उंच पट्टी मारून उंबरठाही करून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. मी उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. डावीकडे दार, आत उघडणारं. उजवीकडे रिव्हेटांच्या रांगा. मला वाटलं, आता माझी काळजी संपली.

उन्हं उतरल्यावर निघायचं असं मी म्हणत होते. पण आबांना राहवेना. ऊन मी म्हणत असताना आम्ही आग्रा रोडला लागलो. खिडक्यांच्या पट्ट्या उघड्या ठेवूनही डबा तव्यासारखा तापला. मी आबांच्या कपाळावर ओला पंचा ठेवत होते. सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा ते म्हणाले, "मले टोपी दे." मी म्हटलं, पोचल्यावर.

गावात शिरलो तर गल्ली अरुंद. डबा वळवायला दिलीपला कुणीतरी पुढे उभं राहून हात दाखवणं भाग होतं. मी आबांना बजावलं, "उठायचं नाही हं, मी आलेच," आणि उतरले. अक्काच्या दाराशी बायका जमल्या होत्या. अक्का भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन उभी होती. जीप मागेपुढे झाली, डब्याला एक हिसका बसला आणि आतून धप्प असा आवाज आला.

मी धावले. दार ढकललं. ते बोटभर सरकलं आणि आतून आबांची किंकाळी. टोपी घ्यायला उठले होते. तोल जाऊन थेट दारालाच टेकून पडले होते, लुळा पाय अंगाखाली दुमडलेला. दार आत उघडणारं, आणि आत दारामागे आबा. ढकललं की त्यांच्या पायावर भार. दिलीप खांदा लावायला निघाला, मी त्याचा शर्ट धरून मागे ओढलं. खिडक्यांच्या पट्ट्यांतून हात जेमतेम कोपरापर्यंत जाई. दुसरं दार आम्हीच पत्रा ठोकून बंद केलेलं. वर सूर्य. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

मला वाटलं, आपण माणसाला डब्यात घालून झाकण लावलंय.

अक्काने ताट कुणाच्या तरी हातात दिलं आणि खिडकीला तोंड लावलं. "भाऊ, काय व्हयनं? तू बोल मनासंगे."

आतून बारीक आवाज. "अक्का."

"मी आठेच शे. डोया मिटू नको. बोलत ऱ्हाय."

"मी तुले घ्याले आलो होतो वं."

"उना ना तू. मंग आते काय? आखो काय पाहिजे माले?" तो आला, एवढंच तिला पुरे होतं.

सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. अक्काच्या शेजारचेच तांबट छन्नी-हातोडा घेऊन धावत आले. पलीकडच्या बाजूचा पत्रा, नुकताच लावलेला, त्याचे रिव्हेट एकेक करून उडवायला त्यांनी सुरुवात केली. प्रत्येक घावाने सगळा डबा घुमत होता, आणि प्रत्येक घावासरशी मी देवाला काहीतरी कबूल करत होते. अक्काच्या सुनेने खिडकीतून लोट्याने पाणी आत सोडलं, ते आबांच्या छातीवर पडलं असावं, कारण ते म्हणाले, "थंड आहे." अक्का बोलत राहिली. पेरू कुणी चोरले, शाळेत कुणी मार खाल्ला, आईने कुणाला जास्त दूध दिलं. एकदा आबा म्हणाले, "खोटं. तूच पेली होती." बाहेर उभ्या बायका हसल्या आणि मला रडू फुटलं.

पत्रा खाली आला. दिलीप आत शिरला, तांबट शिरले, आबांना उचलून त्या जुन्या, उजवीकडच्या दाराने बाहेर काढलं. पाय सुजला होता, मोडला नव्हता. ओसरीवर आणून वारा घातला, ओठांना गूळपाणी लावलं. अक्काने मग भाकरतुकडा ओवाळला तो आडव्या आबांवरूनच. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती, त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

त्या रात्री आम्ही सोनगीरलाच राहिलो. खापरावरची पुरणपोळी समोर आली, मला एक घास उतरला नाही. सकाळी तांबटांनी पत्रा पुन्हा ठोकून दिला. अक्का पिशवी घेऊन डब्यात चढली आणि आबांच्या उशाशी बसली. मी म्हटलं, धुळ्याला थांबायचं, दार फिरवून घ्यायचं, त्याशिवाय मी पुढे येत नाही. आबा रुसतील अशी मला धास्ती होती.

वाड्यावर शांताराम मिस्तरींनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. ते खिडकीपाशी आले. "आबा, आता बाहेर उघडू देऊ ना?"

"उघडू द्या," आबा म्हणाले. "अक्का आता आत बसेल आहे."

असोद्यापर्यंत मी डब्यात मागच्या बाकड्यावर बसले होते. भावंडं दोघंच बोलत होती, एक असोद्याच्या बोलीत, एक सोनगीरच्या. दारात डबा थांबला, नवं दार बाहेर उघडलं, रस्त्याकडे नाही, घराकडे. अक्का आधी उतरली आणि तिने आबांना हात दिला. त्या वर्षीची आखाजी आमच्या घरी सगळ्यांत मोठी झाली.

डबा पुढे फार फिरला नाही. दिलीपला हौस होती, मला धीर नव्हता. ट्रेलरवाल्यांना माझं सांगणं एवढंच: दार रस्त्याच्या उलट बाजूला, बाहेर उघडणारं, आणि दुसरी एक वाट कायम मोकळी ठेवा. बाकी पडदे, चूल, गाद्या ज्याच्या त्याच्या आवडीने.

पुढच्या आखाजीला आबा अंथरुणातून उठू शकत नव्हते. कुणाला पाठवायचं, अक्का पुन्हा नाही म्हणाली तर, या विचाराने मला झोप नव्हती. तेवढ्यात ती एकटीच एसटीने येऊन दारात उभी राहिली. शेजारणींनी मुद्दाम विचारलं, "अक्का, मुराळी कोण होतं?" अक्काने आत खाटेकडे बोट केलं. "हाऊ काय. मागला सालले येल शे. तो काय परत गया का?" गेल्या वर्षी न्यायला आलेला हा मुराळी तिने दिलीपसारखा एकटा परत पाठवला नव्हता ना!

आबा गेले त्यानंतरच्या आखाजीलाही ती आली, तशीच, एकटी. मुराळी कोण, हे त्या वर्षी कुणी विचारलं नाही.