मुद्देमाल खोलीतले जाळे

काशीदच्या अलीकडे, समुद्राला लागून आमची आळी आहे. शेजारच्या कोळीणबाईंचे जाळे वैशाखात होडीतून चोरीला गेले आणि चार दिवसांत चोरासकट सापडले. तेव्हा मी पोलिसांचे तोंडभरून कौतुक केले होते. ते शब्द मी परत घेतो.

जाळे ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गेले. ओले, गुंडाळलेले, मासळीच्या वासासकट. बाई मागायला गेल्या तेव्हा हवालदार म्हणाले, "आता तो पुरावा आहे, मावशी. खटला संपला की न्या." पुन्हा मागितले तर आपलीच केस पडेल, अशी त्या बाईंची समजूत झाली, आणि ती दूर करण्याची तसदी कोणीही घेतली नाही. जप्त मालाची छायाचित्रे काढून तो लवकरात लवकर मोकळा करावा, तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत पीडिताला कळवावे, असे कायदा स्वच्छ सांगतो. चोराला सरकारी खर्चाने वकील मिळाला; मिळायलाच हवा. ज्यांचे जाळे गेले त्यांना मिळाला ठाण्याच्या व्हरांड्यातला बाक.

मी ठाण्याला पाच पत्रे लिहिली, प्रत्येकाची पोच घेतली.

"काका, तुम्ही वकील आहात का?" हवालदारांनी विचारले.

"नाही. मला वाचता येतं."

अखेर बाईंनी थेट न्यायालयात अर्ज केला आणि त्यावर आदेश आला, तेव्हा नारळी पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. होड्या रंगवून तयार होत्या. खोली उघडली, बाईंनी जाळे उचलले, आणि त्या गुंडाळीतूनही पलीकडची भिंत दिसली. उंदरांनी हातहातभर भोके पाडली होती. हवालदारांनी पावती पुढे केली.

"काय लिवलंय, काका?"

"माल सुस्थितीत मिळाला."

बाई हसल्या. "साहेब, ह्या भोकातून तुमची जीप जाईल की! ह्याला सुस्थिती म्हनता?"

"सहीशिवाय जाळं मिळणार नाही, मावशी."

तीन दिवस रात्रंदिवस बसल्या असत्या तर त्यांनी ते सांधले असते; हे त्यांना ठाऊक होते, मलाही. सही करा किंवा करू नका, हे मी सांगायचे नव्हते. जाळे त्यांचे होते. त्यांनी ते जमिनीवर ठेवले.

"न्हाय करत सही. काका, लिवा अर्ज. उंदीर बी लिवा."

मी त्याच बाकावर बसलो. हवालदारांनी डोक्यावरचा पंखा बंद केला. मी लिहीत राहिलो.