अहो बाबा

माझी मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मला अरे-तुरे करायची. 'ए बाबा, आज लवकर कसा आलास?' हा प्रश्न दारातच. आमच्या लातूरकडे हे खपत नाही, तिथे बापाला अहो-जाहो. माझे वडील फोनवर ऐकायचे आणि म्हणायचे, लेकीला जरा वळण लाव. मी हसून सोडून द्यायचो. मला तिचं ते 'अरे' फार आवडायचं, पण हे मी कधी कुणाला बोललो नाही.

तेव्हा आम्ही जांबे गावात भाड्याने राहत होतो. वर आमच्या दोन खोल्या, खाली मालकीणबाई, त्यांचा गोठा आणि अंगण. माझं ऑफिस हिंजवडीत, काम सपोर्टचं. परदेशातल्या ग्राहकांचं काहीही बंद पडलं की माझा फोन वाजायचा आणि पंधरा मिनिटांत मी लॅपटॉपसमोर हवा असायचो. मग मी जेवत असो, अंघोळीत असो, नाहीतर मेव्हण्याच्या लग्नात. चार-सहा महिन्यांसाठी म्हणून घेतलेलं हे काम मी चार वर्षं केलं.

माझ्यात बदल होत गेला तो इतका हळू, की माझ्या लक्षातच आला नाही. मोटारसायकल कुठे लावली ते आठवेना, म्हणून पार्किंगमध्ये वीस-वीस मिनिटं फिरायचो. एकदा चहा करताना 'गाळणी' हा शब्दच सुचेना, बायकोपुढे नुसता हात हलवत राहिलो. फोन टेबलावर असताना मांडीला त्याची थरथर जाणवायची. आणि राग. बाटलीचं झाकण नीट लागलं नाही म्हणून राग, नळ गळतो म्हणून राग. गंमत म्हणजे ऑफिसात मी थंड डोक्याचा माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. तिथे गिळलेलं सगळं मी घरी आणून ओकत होतो.

याच काळात कधीतरी मुलगी मला 'अहो बाबा' म्हणू लागली. मी खूश झालो. लगेच वडिलांना फोन लावला, म्हटलं, शाळेनं वळण लावलं बघा. टपरीवर चहा पिताना चार जणांना सांगितलं. बायको मात्र यावर काही बोलायची नाही. मला वाटलं, श्रेय शाळेला दिलं म्हणून ती नाराज असेल. असा मी शहाणा.

एका रविवारी सकाळी मी अंगणात गाडी पुसत होतो आणि मालकीणबाई गोठा झाडत होत्या. बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मावशी, पोरीला तुमच्या वासराचा लळा लागलाय. बघावं तेव्हा खालीच असते."

"वासरू दिवाळीतच इकलं," त्या झाडता झाडता म्हणाल्या. "तुमच्या गाडीचा आवाज आला की गोठ्यात येतीया ती. तुमी वर जाऊन खोलीचं दार लावलं, की मग वर जातीया."

मी फडकं पिळलं. मग सावरून घेत म्हणालो, "पण वळण चांगलं लागलंय. अहो-जाहो करते."

"मला ए आजी म्हनती. आईला अगं म्हनती. तुमालाच तेवढं अहो." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "आमी बी आमच्या बापाला अहोच म्हनायचो. लई भ्यायचो त्याला. तुमी रंगपेटी फेकली न्हाई का तिची, त्या दिसापास्नं चाललंय तिचं हे."

कुठली रंगपेटी, ते मला आठवेना. वर जाऊन बायकोला विचारलं. तिने भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. मी फोनवर होतो. मुलगी चित्र आणि रंगपेटी घेऊन आली आणि 'अरे बाबा, बघ ना' म्हणत माझी बाही ओढू लागली. मी तिच्या हातातली रंगपेटी घेतली आणि खिडकीतून खाली भिरकावली. अंगणात पडलेले खडू मालकीणबाईंनी गोळा करून आणून दिले.

"मला खरंच आठवत नाही," मी म्हणालो.

"सोयीचं तेवढं बरं विसरतोस," ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि यात तिची काही चूक नव्हती.

मग मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं ते असं: संकट आलं की शरीर सावध होतं, संकट गेलं की सैलावतं. पण ते वर्षानुवर्षं गेलंच नाही, तर मेंदूचा घाबरणारा भाग तिखट होत जातो आणि आठवणारा, धीर धरणारा भाग थकतो. विसरणं आणि चिडणं दोन्ही त्यातूनच येतं, म्हणाले, सुधारणा होते. मला बरं वाटलं, आपण मुळात वाईट नाही म्हणून. पण घरी येताना डोक्यात आलं, की फोनच्या रिंगने मी जसा दचकायचो, तशीच माझ्या गाडीच्या आवाजाने ती दचकत असणार. मला चाळिशीच्या तोंडावर जे झालं, ते तिला पाचव्या वर्षी झालं होतं, आणि करणारा मी होतो. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद केली आणि घरापर्यंत ढकलत नेली.

मी ते काम सोडलं. आता दुसऱ्या विभागात आहे, सातला घरी येतो, झोप लागते, शब्दही सुचतात. मुलगी नऊ वर्षांची झाली. पाहुण्यांना पाणी आणून देते, न सांगता पाया पडते. सगळे तिचं कौतुक करतात आणि मी मान खाली घालून ऐकतो.

गेल्या आठवड्यात तिला शाळेत सोडायला निघालो होतो. तिच्या बुटाची नाडी बांधता बांधता मी म्हणालो, "तू मला अरे म्हणालीस तरी चालेल हं. लहानपणी म्हणायचीस."

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आज बाबांचं कसं आहे ते ताडत असावी. मग समंजसपणे म्हणाली, "चालेल, बाबा. तुम्ही म्हणाल तसं."